पॉवरहाऊसची राख: विषाणूचं प्रथिन मेंदूच्या पेशीत करतं तरी काय?

२०२४ च्या जुलैमध्ये गुजरातेत लहान मुलं तापाने, झटक्यांनी दगावू लागली आणि टीव्हीवर एकच नाव फिरू लागलं: चांदिपुरा. नागपुरात ते नाव ऐकून कान जरा जास्तच टवकारले गेले, कारण नाव आपल्याच बाजूचं. १९६५ साली नागपूर परिसरात तापाची साथ होती, डेंगी-चिकुनगुनियाचा तपास चालला होता, आणि त्यात दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवाच विषाणू सापडला. त्याला चांदिपुरा गावाचं नाव मिळालं. गावाचा दोष काहीच नव्हता, पण नाव कायमचं चिकटलं.

त्याच आठवड्यात शेजारच्या काकू फाटकाशी थांबून म्हणाल्या, "सर, मी नातवाले रोज दोन गिलास संत्र्याचा रस पाजून राहिली. त्यात ते अँटिऑक्सिडंट असते म्हणे. मंग या चांदिपुऱ्याची भीती नाही नं?"

आता जुलै महिन्यात नागपुरात ताजी संत्री कुठून येणार? मृग बहार उन्हाळ्यातच संपतो, आंबिया बहाराला ऑक्टोबर उजाडतो. म्हणजे तो रस बाटलीतल्या स्क्वॅशचा होता. पण मी आयुष्यभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे एवढ्यावर थांबणं मला जमलं नाही. "नाही हो काकू, तसं नसते" म्हटलं आणि पुढच्या तीन संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर गेल्या. जे बोललो ते थोडं नीट करून इथे लिहितोय.

पेशीतल्या मायटोकाँड्रियाला आपण शाळेत "पेशीचं पॉवरहाऊस" म्हणून पाठ करतो. नागपूरकराला पॉवरहाऊस म्हटलं की कोराडी आठवतं, खापरखेडा आठवतं, आणि त्यांच्याबरोबर राखही आठवते. वीज होते तिथे राख होतेच. पुस्तकं हा अर्धा भाग गाळतात, आणि आजचा सगळा विषय त्या अर्ध्या भागातच आहे.

मायटोकाँड्रियात अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिन-संचाकडून दुसऱ्याकडे हातोहात पुढे जातात, बांधकामावर बाया घमेली देतात तसे. शेवटी ऑक्सिजन ते घेतो आणि त्याचं पाणी होतं. पण वाटेत काही घमेली सांडतात. सांडलेला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनने मधेच उचलला की सुपरऑक्साइड बनतो. हा अर्धवट, चिडका रेणू शेजारच्या कशावरही हात टाकतो. पेशी त्याचं लगेच हायड्रोजन पेरॉक्साइड करते. मेडिकलच्या दुकानात जखम धुवायला मिळतं, तेच हे. मग कॅटालेज किंवा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम त्याचं पाणी करून टाकतं. मात्र त्याआधी पेरॉक्साइडची गाठ सुट्या लोहाशी पडली, तर हायड्रॉक्सिल नावाचा असा रेणू तयार होतो की ज्याला आवरणारं एन्झाइमच शरीरात नाही. जिथे जन्मतो तिथेच जाळतो.

हे चिडके रेणू म्हणजेच पेशीची राख. राख होण्याचा वेग आणि राख उचलण्याचा वेग यांचं गणित बिघडलं, की त्याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणायचं. नुसती राख झाली म्हणून ताण होत नाही.

मेंदूत हे गणित आधीच काठावर असतं. वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन साधारण २० टक्के लागतो. भट्टी रात्रंदिवस पेटलेली. त्यात चेतापेशींची आवरणं लवकर खवट होणाऱ्या चरबीची. जवसाचं तेल जसं शेंगदाण्याच्या तेलापेक्षा लवकर खवटतं, तसं. लोह आहे, आणि कॅटालेज मात्र यकृताच्या मानाने फारच कमी. शिवाय जळालेली चेतापेशी बहुधा परत उगवत नाही. कातडीला भाजलं तर नवी कातडी येते, ती सोय इथे नाही.

काकूंनी इथे विचारलं, "मंग ही राख सगळी वाईटच का?" प्रश्न बरोबर होता. नाही. थोडी राख पेशीला निरोप म्हणून लागते, आणि मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पहारेकरी पेशी तर जंतू मारायला मुद्दाम सुपरऑक्साइड फवारतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता विषाणूकडे येऊ. चांदिपुराचा विषाणू म्हणजे सुमारे अकरा हजार अक्षरांची आरएनएची एक दोरी आणि तिच्यावर लिहिलेली पाच प्रथिनं. माणसाकडे अशी प्रथिनं लिहिणारी वीस हजारांच्या आसपास जनुकं आहेत. पाच विरुद्ध वीस हजार, तरी मूल दोन दिवसांत जातं. कारण विषाणूचं प्रत्येक प्रथिन गावाकडच्या सालगड्यासारखं असतं. नांगरतोही तोच, गाय दोहतोही तोच, रात्री राखणीलाही तोच. आपलं मूळ काम करता करता ते प्रथिन पेशीतल्या भलत्याच यंत्राला जाऊन चिकटतं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मिळालं ते चांदिपुराच्या चुलतभावाकडे, रेबीजकडे. दोघं एकाच घराण्यातले, त्याचीही प्रथिनं पाचच. त्यातलं "पी" नावाचं प्रथिन विषाणूच्या प्रती काढणाऱ्या यंत्राचा मदतनीस आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात ॲलन जॅक्सन यांच्या गटाला दिसलं की हे पी प्रथिन मायटोकाँड्रियात शिरून त्या घमेल्यांच्या रांगेतल्या पहिल्याच संचाला, कॉम्प्लेक्स-१ ला, चिकटतं. मला वाटलं होतं की चिकटलं म्हणजे यंत्र बंद पडलं असेल. झालं उलटं. कॉम्प्लेक्स-१ जास्त जोरात फिरू लागलं, घमेली धडाधड सुटू लागली आणि सांडलवंड वाढली. पी प्रथिन म्हणजे २९७ अमिनो आम्लांची माळ. तिच्यातले १६२ आणि १६६ क्रमांकाचे दोन मणी बदलले तर ऑक्सिडेटिव्ह ताण उतरतो, हेही त्याच गटाने २०१७ मध्ये दाखवलं. तीनशे मण्यांच्या माळेत दोन मणी! इतक्या बारीक जागेवर बोट ठेवता येतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

रेबीजमध्ये आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक, पण मेंदू उघडून पाहिला तर मेलेल्या चेतापेशी त्या मानाने कमी सापडतात. पेशी जिवंत, पण त्यांचे लांब तंतू जागोजागी मण्यांसारखे फुगलेले, आणि त्या फुगवट्यांत खवट झालेल्या चरबीच्या खुणा. वीज केंद्र चालू आहे, पण तारा जळाल्यात, असं काहीसं.

चांदिपुराची तऱ्हा वेगळी. तिथे चेतापेशी खरंच मरतात, तेही स्वतःच्या हाताने. पेशीत आत्मनाशाची एक ठरलेली पद्धत असते, ती सुरू होते. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिर्बन बसू यांच्या गटाने हा मार्ग बराचसा उलगडला. संसर्ग झालेल्या चेतापेशीत कॅल्शियम वाढतं, त्यातून ऑक्सिडेटिव्ह ताण चढतो, आणि ताणाचे निरोप आत्मनाशाच्या बटणापर्यंत पोचतात. दुसऱ्या बाजूने मायक्रोग्लिया चवताळतात आणि आपली फवारणी सुरू करतात. विषाणू मारायला निघालेल्या फवारणीत शेजारची चेतापेशी सापडते. कपाशीवर फवारताना माणसंच विषबाधेने आडवी झालेली विदर्भाने पाहिली आहेत, त्यामुळे हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

मला स्वतःला सगळ्यात चकित करणारं प्रकरण एचआयव्हीचं. एचआयव्ही चेतापेशीत शिरतच नाही म्हटलं तरी चालेल, कारण त्याला लागणारं सीडी-४ नावाचं दार चेतापेशीला नसतं. तरी उपचार नव्हते त्या काळात कितीतरी रुग्णांची स्मृती आणि चाल बिघडत जायची. मग पेशी मारत कोण होतं? मेंदूत आलेल्या संसर्गित मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) आणि मायक्रोग्लिया, आणि त्यांच्यातून बाहेर गळणारी विषाणूची सुटी प्रथिनं. टॅट हे त्यातलं मुख्य, शंभरेक अमिनो आम्लांचं, आणि जीपी-१२० हे विषाणूच्या अंगावरचं. टॅट तर संसर्गित पेशीतून बाहेर पडून निरोगी पेशीच्या भिंतीतून आरपार जाऊ शकतं. ते चेतापेशीवरच्या ग्लुटामेट या निरोप्या रसायनाच्या दारांना ढील देतं, कॅल्शियम आत लोटतं, मायटोकाँड्रिया त्या कॅल्शियमने गुदमरतो आणि राख वाढते. चोर घरात आलाच नाही, गल्लीतून नुसता धूर सोडला, आणि आतली माणसं गुदमरली.

आणि आजची औषधं? ती विषाणूच्या प्रती होणं थांबवतात, म्हणून माणसं पूर्ण आयुष्य जगतात, गंभीर स्मृतिभ्रंश आता क्वचित दिसतो. पण ज्या पेशींच्या जनुकांत विषाणू आधीच लपून बसलाय, तिथे टॅट तयार होणं ती थांबवू शकत नाहीत. सौम्य विसराळूपणा, कामाचा मंद वेग अशा तक्रारी काही रुग्णांत उरतात, त्यामागच्या संशयितांत टॅटचं नाव वर आहे. कोणी हे वाचून औषध सोडायचा विचार करू नये, म्हणून ठळकच सांगतो: औषध बंद केलं की धूर कमी होत नाही, घरच पेटतं.

दुसऱ्या संध्याकाळी काकूंनी तर्री-पोहे केले होते, आणि मला बचावाचं उदाहरण आयतंच ताटलीत मिळालं.

पेशीच्या बचावाचा कारभारी म्हणजे एनआरएफ-२ हे प्रथिन. ते केंद्रकात पोचलं की राख उचलणारं ग्लुटाथायोन बनवणारी, सुपरऑक्साइडची वाट लावणारी, जळकं साफ करणारी शेकडो जनुकं चालू करतं. पण शांततेच्या काळात त्याला कीप-१ नावाचं दुसरं प्रथिन धरून ठेवतं आणि कचऱ्यात पाठवतं. एनआरएफ-२ तयार होतं, वीसेक मिनिटांत मोडीत निघतं, पुन्हा तयार होतं, पुन्हा मोडीत. ही उधळपट्टी वाटते. पण सकाळी पोह्यांच्या गाडीवर तर्री काय गिऱ्हाईक आल्यावर फोडणीला टाकतात का? ती आधीपासून मंद आचेवर उकळत असते, उरली तर ओतून देतात, पण गिऱ्हाइकाला थांबवत नाहीत. पेशीचं तेच. संकट आल्यावर कारभारी घडवायला बसलं तर उशीर होईल. तो सतत घडतच असतो, संकटात फक्त त्याला फेकून देणं थांबवायचं.

आणि संकट आलं हे कळतं कसं? कीप-१ च्या अंगावर सिस्टीनचे, म्हणजे गंधक असलेले, काही मणी आहेत. राखेचे चिडके रेणू सगळ्यात आधी त्यांनाच डसतात. डसले की कीप-१ चा आकार बिघडतो आणि एनआरएफ-२ ला मोडीत काढण्याचं काम अडतं. नवा तयार झालेला एनआरएफ-२ थेट केंद्रकाकडे सुटतो. वेगळी घंटा नाही, वेगळा निरोप्या नाही. ज्याने धरून ठेवलंय त्याचाच हात भाजतो.

जीपी-१२० प्रयोगशाळेत ॲस्ट्रोसाइट या चेतापेशींच्या शेजारी पेशींवर टाकलं, तेव्हा नेमकं हेच दिसलं: एनआरएफ-२ वर, आणि त्याच्या हाताखालचं हीम ऑक्सिजनेज-१ नावाचं एन्झाइमही वर. म्हणजे बचाव जागा झाला. काचेच्या बशीतली ही गोष्ट ऐकून हायसं वाटतं. पण अमेरिकेत डेनिस कोल्सन यांच्या गटाने एचआयव्ही होऊन वारलेल्या माणसांचे दान केलेले मेंदू तपासले, तर तिथे हेच एन्झाइम कमी निघालं, आणि ज्यांची बुद्धी जास्त ढासळलेली होती त्यांच्यात आणखी कमी. बशीत चढलेलं मेंदूत उतरलेलं! काही तासांचा धूर आणि वर्षानुवर्षांचा धूर यांत फरक आहे. अग्निशमनची गाडी पहिल्या कॉलला धावते, हजाराव्या कॉलला टाकीत पाणी नसतं.

त्यात मेंदूची एक जुनी अडचण. एनआरएफ-२ चा हा सगळा थाट मुख्यतः ॲस्ट्रोसाइटमध्ये, म्हणजे चेतापेशींना सांभाळणाऱ्या शेजारणींमध्ये आहे. खुद्द चेतापेशीत तो फार दुबळा. पुढच्या मेंदूत चेतापेशी वाढीला लागते तेव्हाच तिथलं एनआरएफ-२ चं जनुक बरंचसं मिटवून ठेवलं जातं. असं आत्मघातकी का करावं? मघाशी म्हटलं तसं, थोडी राख निरोप म्हणून लागते. फांद्या फुटायला, जोडण्या जुळायला ते निरोप हवेत. घर सतत झाडत राहिलं तर रांगोळी उमटणार कुठे? मग चेतापेशी शेजारणीवर विसंबते. ॲस्ट्रोसाइट ग्लुटाथायोन बाहेर सोडते, त्याचे तुकडे होतात, त्यातलं सिस्टीन चेतापेशी उचलते आणि आपलं ग्लुटाथायोन जुळवते. विरजण शेजारून आणायचं आणि दही घरी लावायचं.

इथेच एक खोच आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयात याहून रोचक काही नाही. ग्लुटाथायोनसाठी शेजारणीला कच्चा माल बाहेरून आत घ्यावा लागतो. एनआरएफ-२ त्यासाठी एक फिरतं दार वाढवतं. त्या दाराचा नियम अदलाबदलीचा: एक सिस्टिन (दोन सिस्टीनची जोडी) आत आला, की एक ग्लुटामेट बाहेर गेलाच पाहिजे. आणि ग्लुटामेट म्हणजे तोच, जो जास्त झाला की चेतापेशीत कॅल्शियम लोटतो. डोळ्याच्या पडद्यामागच्या पेशींत आणि मायक्रोग्लियात टॅटमुळे हे दार वाढलेलं दिसलं आहे. म्हणजे आग विझवायला बंब आले, आणि येताना गल्लीत रॉकेल सांडत आले. बचाव आणि इजा एकाच दारातून ये-जा करतात.

विषाणूंनाही हे कुलूप ओळखीचं झालंय. आफ्रिकेतल्या मारबर्ग विषाणूचं व्हीपी-२४ प्रथिन थेट कीप-१ ला पकडून एनआरएफ-२ सोडवतं, कारण आपली यजमान पेशी चार घटका जास्त जगली तर त्याचाच फायदा. डेंगीचं एक कात्रीसारखं प्रथिन उलट एनआरएफ-२ लाच संपवतं. हे दोन्ही चेतापेशींपुरतं नाही, ओघात सांगितलं.

तिसऱ्या संध्याकाळी काकू थेट मुद्द्यावर आल्या. "हे सारं ठीक आहे सर, पण रसाचं काय?"

रसातलं सी जीवनसत्त्व खरं अँटिऑक्सिडंट आहे, त्यात खोट नाही. पण आतडं एका मर्यादेपलीकडे ते शोषत नाही, जास्तीचं लघवीवाटे जातं. मेंदू तर स्वतःच्या पंपाने ते ओढून साठवतो. चेतापेशीत ते रक्तापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं, म्हणजे भरलेल्या रांजणात पेलाभर ओतल्यासारखं. आणि तेवढं असूनही रेबीज, चांदिपुरा व्हायचं ते होतं, कारण प्रश्न पाण्याचा नाही. कॉम्प्लेक्स-१ ला चिकटलेलं प्रथिन रसाने सुटत नाही. ग्लुटाथायोनच्या महागड्या गोळ्यांचंही तसंच, पोटात गेलं की बहुतेक तुकडे होतात.

मोठ्या चाचण्यांनीही आपला उत्साह उतरवलाच आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटिन देऊन पाहिलं. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. एचआयव्हीमुळे बुद्धी मंदावलेल्यांना सेलेजिलिन या औषधाचा पॅच लावून पाहिला, ऑक्सिडेटिव्ह ताण कमी होईल या आशेने. फरक पडला नाही. सध्या आशा आहे ती आगीवर पाणी ओतण्याऐवजी कारभाऱ्यालाच जागं करण्याची. डायमिथाइल फ्युमरेट हे औषध कीप-१ च्या त्याच सिस्टीनना डसतं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारासाठी ते अमेरिकेत २०१३ पासून मान्य आहे. एचआयव्हीने संसर्गित मॅक्रोफेजमधून होणारं चेतापेशींचं नुकसान त्याने कमी होतं, हे प्रयोगशाळेत दिसलंय. ते फिरतं दार लक्षात घेता माणसात काय होईल याबद्दल मी पैज लावणार नाही.

चांदिपुरावर आजतरी खास औषध नाही, लस नाही. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली. २०२४ च्या जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात, मुख्यतः गुजरातेत, मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यातल्या ६४ जणांत चांदिपुरा पक्का सापडला. ताप, उलट्या, झटके, गुंगी असं मूल दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच मोठ्या दवाखान्यात न्यायचं. तिथे झटके आवरतात, मेंदूची सूज, श्वास, पाणी-क्षार सांभाळतात. रेबीजला मात्र लस आहे, आणि ती कुत्रं चावल्यावरही काम करते. आधी साबण-पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची, मग लगेच दवाखाना. पी प्रथिन मेंदूत पोचायच्या आत अडवलं तर ही सगळी राखेची कहाणी सुरूच होत नाही.

आणि चांदिपुरा येतो वाळूमाशीतून. डासाच्या तिसरा हिस्सा आकार, साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून आरामात आत येते, पावसाळ्यात मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात, शेणाच्या ओलीत वाढते. बारीक जाळीची, औषध लावलेली मच्छरदाणी हवी आणि भेगा बुजवायला हव्यात.

काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माह्या भावाच्या वाडीतला गोठा मातीचाच आहे, काटोलले. पोट्टे सुट्टीत तिथंच झोपतात." त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. संत्र्याच्या बागेचं, बहाराचं, भावाचं काहीही न विचारता पहिलंच वाक्य: "काहो, त्या गोठ्याच्या भिंतीले किती भेगा आहेत?"